वरच्या मजल्यावरचे चौघे

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय, राग आला की तोंड उघडण्याआधी वहीत लिहा. मी म्हटलं, बाई, चौथीत शाळा सुटली माझी, मला लिहायला वेळ लागतो. तर म्हणाल्या, तेच हवंय, लिहून होईपर्यंत राग जाईल. शहाणी आहे बाई. पण माझा राग तिने अजून बघितलेला नाही.

तर आजचा राग. खाली माझी लॉन्ड्री, तिच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर, आणि डोक्यावर बँडची खोली. तिथे चार माणसं गेली तीस-बत्तीस वर्षं आदळआपट करतात आणि लोक त्याला टाळ्या वाजवतात. रेडिओवर लागतात, तीन रेकॉर्डी निघाल्या, त्यांचं ते खिडकीचं गाणं तर दूधवालासुद्धा गुणगुणतो. ड्रम बडवतात ते आमचे हे. सगळे ह्यांना ठोक्या म्हणतात. गातो तो नवरदेव, कारण भाजी आणायला निघाला तरी लग्नाला निघाल्यासारखा निघतो. गिटारवाला मास्तर, तो शाळेत गणित शिकवायचा. आणि जाड तारांची गिटार वाजवतो तो घुम्या. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे ओल्या चादरीची घडी मोडायची.

पूर्वी हे चौघे भांडायचे. काय भांडायचे! मास्तरने एकदा नवरदेवावर खुर्ची फेकली होती, तिचा पाय अजून माझ्या दाराला अडसर म्हणून आहे. आणि आता? आज वरून ऐकू आलं, "ठोक्या, तुझंच बरोबर रे." हे म्हणाले, "नाही नाही, चूक माझीच." मग नवरदेव म्हणाला, "चूक कुणाचीच नाही." हा काय बँड आहे का दवाखान्यातली भेटीची वेळ? दोन वर्षं हेच चाललंय. म्हातारे झाले मेले.

१४ फेब्रुवारी

वृद्धाश्रमात फुकट कार्यक्रम केला. तो दरवर्षी करतात, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण आज वागले कसे ते लिहिते.

मास्तर अख्खा वेळ लोकांकडे पाठ करून उभा. तोंड ह्यांच्याकडे, आणि मान हलवतोय, हलवतोय, जसं काही पाढे म्हणून घेतोय. पुढच्या रांगेतली आजी म्हणाली, "ह्याचं तोंड भाजलंय का?" आणि नवरदेवाने नवे बूट घेतलेत, जड टाचांचे. प्रत्येक ओळीला धाडकन पाय आपटतो. ह्या वयात नखरे सुचतात. मी त्याला तोंडावर भावोजी म्हणते म्हणून गप्प बसले. तरी येताना म्हटलंच, "भावोजी, जमीन वृद्धाश्रमाची आहे, मोडली तर भरून द्यावी लागेल." तो नुसता हसला आणि ह्यांच्याकडे बघितलं.

मी घरी येईपर्यंत बोलत होते, ह्यांनी हूं केलं नाही. ते नवीन नाही. माझं बोलणं ह्यांच्यापर्यंत पोहोचायला मला दोन खोल्या ऐकतील एवढा आवाज लावावा लागतो. लग्न म्हणजे हेच.

१८ फेब्रुवारी

धुवायला टाकलेल्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात एक वस्तू निघाली. अंगठ्याच्या नखाएवढी, कातडीच्या रंगाची, बारीकशी तार असलेली. मास्तरच्या गिटारचं काहीतरी असेल. बटणांच्या डब्यात टाकली. संध्याकाळी हे सगळे खिसे उलटे करून काहीतरी शोधत होते. काय हरवलं विचारलं तर म्हणे, काही नाही. काही नाही तर मग तसंच सापडेल.

२५ फेब्रुवारी

आज समजलं मला काय शिजतंय.

दुपारी घुम्या सुताराला घेऊन वर गेला. मी चहाचं निमित्त करून मागोमाग. सुतार ड्रमभोवती टेप लावून मापं घेत होता. मी विचारलं, हे काय? घुम्या म्हणाला, "खोकं." पुढे बोलायची पद्धत नाही त्याची. सुतारानेच सांगितलं, लाकडाचा पोकळ चौथरा करायचाय, त्यावर ठोक्याभाऊंचं स्टूल ठेवायचं आणि घुम्याभाऊंचा स्पीकर त्यालाच जोडायचा.

म्हणजे ह्यांना मालासारखं खोक्यावर चढवून मागे सरकवायचं. आणि पुढे कोण? तेही कळलं. परवा नवरदेव त्या हॉटेलात ड्रम वाजवणाऱ्या तरुण पोरीबरोबर चहा पीत बसला होता. हॉटेलच्या चादरी द्यायला गेले तेव्हा मी ह्या डोळ्यांनी बघितलं. ती टेबलावर बोटं आपटून दाखवत होती आणि हा कागदावर लिहून घेत होता.

ह्यांचा नियम आहे, पहिल्या दिवसापासूनचा. चौघांतला एक गेला की बँड बंद, बदली घ्यायचा नाही. नवरदेवाचा पाय मोडला तेव्हा अर्धं वर्ष तिघंही घरी बसले होते. तो नियम आता मोडणार, आणि तोही माझ्या नवऱ्यावर. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "असेल." एवढंच. असेल?

६ मार्च



बँडची व्हॅन आहे. कार्यक्रम नसेल तेव्हा ती सगळ्या गल्लीची. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर आमच्या दुकानात फोन करायचा, चौघांपैकी जो जवळ असेल तो गाडी काढतो. पेशंट ड्रमच्या पेट्यांमध्ये बसून जातो, पण जातो. मास्तरची आई रिक्षाची वाट बघत पायरीवरच वारली, तेव्हापासून हे चालू आहे. एप्रिलमध्ये मैदानावर मोठा कार्यक्रम ठरलाय, तोही त्यासाठीच. स्ट्रेचर असलेली नीट गाडी घ्यायची म्हणून.

आज मी चादरी पोचवायला गेले होते. दुकानात हे होते. बेकरीवाल्याच्या वडिलांच्या छातीत कळ आली. त्याने फोन लावला, पुन्हा लावला, शेवटी पिठाच्या हातांनी धावत आला. तर हे फोनकडे पाठ करून शांतपणे उशांच्या खोळींच्या घड्या घालतायत आणि फोन कोपराशी वाजतोय. बेकरीवाल्याने खांदा धरून फिरवलं तेव्हा गाडी निघाली. म्हातारा वाचला, आता पाव मऊ नाही म्हणून कुरकुर करतोय. पण वाचला नसता तर?

मी विचारलं, "फोन का नाही उचललात?"

"डोळा लागला जरा."

"उभ्या उभ्या? खोळी हातात धरून?"

ह्यांनी खोळीची आणखी एक घडी घातली. तोंड असं झालं होतं की मीच पुढचं गिळलं. मला जमतं ते कधीकधी.

७ मार्च

सकाळपासून हे फोनसमोर स्टूल टाकून बसलेत. नजर हलत नाही. म्हटलं, "तो काय बघितल्याने वाजणार आहे?" तरी तिथेच. जेवायलासुद्धा ताट तिथेच नेलं.

ते बघून माझं डोकं फिरलं. माणूस हा असा झालाय कारण वरच्या तिघांनी त्याला नकोसं केलंय. गेले वर. वही खालीच राहिली, डॉक्टरीणबाईंनी माफ करावं. तिघांना जे बोलायचं ते बोलले. बूट काढले, खोकं काढलं, ती हॉटेलातली पोरगी काढली. मास्तरला म्हटलं, शाळेत पोरांकडे पाठ करून शिकवायचात का? अर्धा तास बोलले. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून ऐकलं, त्यानेच नंतर सांगितलं.

तिघंही खाली मान घालून उभे. नवरदेव एवढंच म्हणाला, "वहिनी, पाणी घ्या." पाणीच लागलं घ्यायला, आवाज बसला होता.

१० मार्च

आवाज पार गेला. घशातून नुसती हवा येते. डॉक्टरीणबाई खुशीत आहेत. म्हणाल्या आठवडाभर कुजबुजसुद्धा नको. मी कुजबुजतेच. गिऱ्हाइकांना कसं सांगणार कोणती कॉलर फाटलीय ते?

११ मार्च

सकाळी ह्यांच्या मागे उभी राहून कुजबुजले, चहा झालाय. हललं नाही कुणी. पुन्हा म्हटलं. मग म्हटलं, तुमच्या बहिणीला सांगून टाकते की तिने दिलेलं घड्याळ तुम्ही हरवलंत. ह्यावर कुठलाही माणूस वळला असता. हे नखं कापत राहिले.

टेबलावर वाटी आपटली, तेव्हा दचकून वळले. म्हणाले, "बोल की काहीतरी. तीन दिवस झाले, रागावलीस का?"

मी तीन दिवस बोलतेच आहे.

उभी राहिले तशीच. मग बटणांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. बटणांतून ती कातडीच्या रंगाची वस्तू निघाली. ह्यांनी बघितली, मी बघितली.

म्हणाले, "इथे होती होय."

१२ मार्च

काल सगळं सांगितलं ह्यांनी. दोन वर्षांपासून कान जातायत. डॉक्टरकडे एकटेच गेले. ते कानात घालायचं मशीन मिळालं, पण ड्रमच्या आवाजात ते शिट्टी मारतं, म्हणून खिशात. मी खुणेने विचारलं, मग वाजवता कसं? म्हणाले, "गाणी पाठ आहेत. अर्धं जमिनीतून कळतं, अर्धं त्यांच्या हालचालीवरून." आणि मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुझं ऐकू यायचं. घरात कधी कमी पडलं नाही."

कौतुक होतं का टोमणा, समजलं नाही. विचारणार होते, पण विचारायला आवाज नव्हता.

त्या तिघांना काही सांगायचं नाही असं बजावलंय. म्हणाले, त्यांना कळलं की मला थांबावं लागणार, मी थांबलो की बँड बंद, मग तिघांनी करायचं काय, आणि गल्लीची गाडी कुठून यायची. म्हणून गप्प राहायचं. माझ्याकडून शब्द घेतला. आवाज नसलेल्या बाईकडून शब्द घेणं सोपं आहे.

१४ मार्च

शब्द दोन दिवस पाळला, पुष्कळ झालं.

सकाळी नवरदेवाच्या घरी गेले. इस्त्रीचे शर्ट द्यायचेच होते. कानाशी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, मला केव्हाच ठाऊक आहे. म्हणून तर पाय आपटतो, त्याला जमिनीतून ताल कळावा म्हणून. त्या पोरीच्या वडिलांनाही असंच झालेलं, म्हणून तिला विचारायला गेलो होतो. पण त्या दोघांना सांगू नका हं. मास्तरला लागेल फार."

तिथून मास्तरकडे. मास्तरने चष्मा पुसला. "मला माहीत आहे. माझ्या मानेकडे बघतो तो, म्हणून तर मी तिकडे तोंड करतो. लोक हसतात, हसू देत. पण नवरदेवाला बोलू नका, तो तोंडाचा फाटका आहे. आणि घुम्या मनाला लावून घेईल."

घुम्या तर अंगणात सायकल पुसत होता. माझं कुजबुजणं ऐकून घेतलं आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलला, "खोक्यातून माझी गिटार त्याच्या बुडाखाली वाजेल, मग त्याला कुणाकडे बघावं लागणार नाही, पण हे फक्त मलाच माहीत आहे."

रस्त्यात एकटीच हसत आले. शिंप्याने विचारलं काय झालं. काय सांगू त्याला? चार माणसं एकच गोष्ट चार ठिकाणी लपवून बसलीत, आणि प्रत्येकाला वाटतंय उरलेले तिघे भोळे.

१८ मार्च

हसू जिरलं.

खोकं आलं. आज पहिल्यांदा त्यावर बसून तालीम. मी पायरीवर बसून ऐकत होते. खालून खोकं घुमतंय, समोर मास्तरची मान, बाजूला नवरदेवाची टाच, आणि तिघांचं एकमेकांशी काही ठरलेलं नाही. मास्तर घाईचा, मान पुढे धावते. नवरदेव ओळ ओढून गातो, टाच मागे पडते. ह्यांनी कुणाचं धरावं? खिडकीचं गाणं, जे झोपेतसुद्धा वाजवतील, ते मध्येच कोसळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. त्यानंतर जे झालं ते वाईट. कुणी ओरडलं नाही. "माझंच चुकलं." "नाही रे, माझं." "उद्या बघू."

ह्यांनी काठ्या खाली ठेवल्या. म्हणाले, "मैदानावर मी वाजवणार नाही. मी थांबतो."

खाली येऊन हे उशांच्या खोळींच्या घड्या घालायला लागले. मला म्हणाले, "आता तुझ्या दुकानात नोकरी दे."

मी म्हटलं, जागा नाही. तेवढा आवाज आला होता परत.

१९ मार्च

चौघांना दुकानात बोलावलं. शटर अर्धं ओढलं. आवाज फाटक्या पत्र्यासारखा येत होता, पण ह्यांना ऐकू जाईल एवढा होता, माझं काम भागलं.

सगळं मांडलं. नवरदेवाला म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. मास्तर, तुम्हालाही. घुम्या, तुलाही. आणि अहो, ह्या तिघांना तुमच्याबद्दल माहीत आहे हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

मग हे नवरदेवाला म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी चुकतोय ते तू ऐकून घेतलंस?"

"मग काय करू?"

"सांगायचंस की, गाढवा."

"तू सांगितलंस का? बहिरा तू झालास का मी?"

बहिरा हा शब्द त्या दुकानात पहिल्यांदा उच्चारला गेला. मास्तर म्हणाला, "अरे, जरा हळू बोला." त्यावर हे म्हणाले, "हळू बोलून कुणाला ऐकवायचंय?" आणि मास्तर हसता हसता इस्त्रीच्या टेबलावर टेकला. टेबल गरम होतं. त्याच्या पँटवर डाग पडला, तो फुकट काढून देणार नाही असं तिथेच सांगितलं.

मग ताल कुणाचा धरायचा ह्यावर वाद. प्रत्येकाला वाटतं आपलाच. मी म्हटलं, घुम्याचा. तो घाईही करत नाही आणि ओढतही नाही. मास्तरने तोंड लोकांकडे करायचं. भावोजी, तुम्ही पाय जमिनीला चिकटवून उभं राहायचं. हे म्हणाले, बघू, पण काठ्या मागितल्या.

११ एप्रिल

मैदान भरलं होतं. बेकरीवाल्याचा म्हातारा पुढच्या खुर्चीत, मांडीवर पाव. हे सकाळपासून जेवले नव्हते. मला म्हणाले, "फसलं तर गाडीचं राहून जाईल, आणि बँडचंही." मी म्हटलं, बटण उलटं लावलंय ते आधी बघा.

पहिली गाणी बरी गेली. शेवटी खिडकीचं. अर्धं झालं, लोक उभे राहिले, आणि नवरदेवाला राहवलं नाही. उचलला पाय, आपटला, टाच अडकली घुम्याच्या स्पीकरच्या तारेत, तार निघाली, स्पीकर मुका. ह्यांच्या बुडाखालचं खोकं मेलं.

घुम्या थांबला. तो थांबला म्हणून मास्तर थांबला. नवरदेवाचा पुढचा शब्द तोंडातच राहिला. तिघं उभे, आणि हे खाली मान घालून एकटेच वाजवतायत. कुणी ह्यांना हात लावून थांबवेना. इतकं शांत की फक्त ठोके.

मग म्हातारा पावावर हात मारून ताल धरायला लागला. शेजारच्याने टाळी धरली, मागच्यांनी धरली, आणि मैदान गायला लागलं, नवरदेव गातो त्याहून बरं. मास्तर हळूच मागून आला. नवरदेव आला. घुम्याने वाकून तार लावली, घाई केली नाही, बरोबर ओळीच्या सुरुवातीला शिरला. बत्तीस वर्षं हे तिघांच्या मागे बसले. आज ते तिघे ह्यांच्या मागे आले.

व्हॅनमध्ये पेट्यांत बसून येताना मी विचारलं, "खोकं बंद पडलं ते कळलं होतं?"

"लगेच."

"मग थांबला का नाहीत?"

म्हणाले, "पुढचं पाठ होतं. आणि ते येणारच होते. जाणार कुठे?"

मी तोंड खिडकीकडे केलं. घसा अजून बरा नाही म्हणून.

१५ एप्रिल

स्ट्रेचरची गाडी सांगितली आहे, महिन्यात येते म्हणे.

पेपरात आलंय की मधली शांतता फार विचारपूर्वक रचलेली होती. नवरदेव ते कात्रण खिशात घेऊन फिरतोय. आता प्रत्येक कार्यक्रमात तिथेच थांबायचं असं त्याचं म्हणणं. मास्तर म्हणतो, हिशेबाने आपण चार ठोके आधी थांबायला हवं. हे म्हणतात, तुम्ही केव्हाही थांबा, मी वाजवणारच. घुम्या म्हणाला, "तार माझी निघाली होती."

हे सगळं मला इथे खाली बसून कळतंय, कारण तासभर वर भांडण चाललंय. नवरदेव ओरडून सांगतोय की हे बहिरे आहेत, आणि हे सांगतायत की तो बेसुरा आहे. आत्ता काहीतरी जड पडलं, खुर्ची असावी. छतातून चुना खाली आला आणि हॉटेलच्या धुतलेल्या चादरीवर पडला.

वर जाऊन सांगणार होते, जरा हळू. पण इस्त्री तापलेली होती, ती सोडून कोण जातं. चादर झटकली आणि पुढची घेतली.